घरी न्यायचा पाव

१० मार्च, बुधवार

हार्लनचा हॉर्न मागायला बँडचे क्लेमेंटकाका आले होते. आले ते सरळ सांगेनात. आधी ऊन किती, मग विहिरीचं पाणी किती खाली गेलं, मग स्वतःच्या गुडघ्याची सगळी कथा. मी पीठ मळत होते, हात थांबवला नाही. शेवटी टोपी हातात फिरवत म्हणाले, "ईस्टर तोंडावर आला, इल्वा. बँडला खालचा सूरच नाही. नुसत्या ट्रम्पेटा ऐकल्या की कोंबड्या भांडतायत असं वाटतं."

मी म्हटलं, "हार्लन आला की वाजवेल."

आतून सासूबाईंचा आवाज आला – "देऊन टाक त्यांना. मेलेला माणूस काय फुंकणार आहे?"

आई आहे ही त्याची! सख्खी आई.

काका हॉर्न न घेताच गेले. अजून आमच्या खोलीत खुंटीला आहे. मोठा, पिवळा, पोटाला एक पोचा – बंदरावरच्या धक्क्यावरून पडला होता तेव्हाचा. चर्चचा आहे, मान्य आहे. पण लग्नाच्या आधीपासून तो हार्लनच्याच खांद्यावर बघते आहे. मी कसा काढून देऊ?

नोव्हेंबरात बोट गेली. तिघे होते – हार्लन, रूडी बेंट आणि म्हातारे ऑस्कर फॉक्स. उत्तरेचं वारं सुटलं ते थांबेचना. नंतर शोधायला गेलेल्यांना बर्फाच्या पेटीचं झाकण मिळालं. नुसतं झाकण. झाकणाला कुणी माणूस म्हणतं का?

१२ मार्च, शुक्रवार

चर्चची साफसफाई. दरवर्षीप्रमाणे बायका आत, पुरुष छपरावर, आणि छपरावरून सूचना आतल्या बायकांना. सगळ्या काचा धुतल्या. खाऱ्या वाऱ्याने इतका थर बसला होता की शर्लीन म्हणाली, "हे खरवडून रस्सा करावा, मीठ घालायला नको." शर्लीन शेजारी राहते, तिच्या तोंडाला कुलूप नाही, पण तिच्यामुळेच मी आज हसले.

अंगणातल्या आंब्याला मोहर इतका आलाय की पायरीवर सडा पडतो. झाडला की पुन्हा. हार्लन म्हणायचा, मोहर झाडू नये, त्याच्यावरून बँड चालत आला की बरं दिसतं.

काम संपल्यावर पाळकसाहेबांनी बाजूला बोलावलं. मला वाटलं पावाबद्दल असेल – ईस्टरला चर्चमध्ये वाटायचे प्रीतिभोजनाचे पाव दरवर्षी मीच भाजते. पण नाही. म्हणाले, "ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात नावं वाचायची असतात, तुम्हाला माहीतच आहे. गेल्या ईस्टरपासून जे जे गेले त्यांची. बेंटांनी रूडीचं नाव दिलं, फॉक्सांनी म्हाताऱ्यांचं. आणि मिस ऑटली काल येऊन गेल्या."

मिस ऑटली म्हणजे सासूबाई.

"काय म्हणाल्या?"

"हार्लनचं नाव घाला म्हणाल्या. पण मी त्यांना सांगितलं, बायकोचा शब्द हवा. उत्तम शुक्रवारपर्यंत वेळ आहे. मी घाई करणार नाही."

तरुण आहेत पाळकसाहेब, चांगले आहेत. एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातली बादली घेऊन स्वतः पाणी ओतायला गेले. मी नाही म्हणून सांगितलं. पाठीमागून सांगितलं, बहुतेक ऐकू गेलं असावं.

१४ मार्च, रविवार

उपासना. बँडच्या बाकावर त्याच्या जागेवर कुणीतरी ओली छत्री ठेवली होती. पाऊस नसताना छत्री ओली कशी, एवढाच विचार सगळा वेळ डोक्यात.

१७ मार्च, बुधवार

सासूबाईंशी भांडण. हे काही नवीन नाही, पण आज लिहून ठेवते.

मी रात्रीच्या जेवणाला तिसरं ताट मांडते. तो समुद्रावर असला की मांडायचं नाही, परतायच्या दिवशी मांडायचं, अशी आमच्याकडे रीत. पण परतायचा दिवस कुठला ते ठाऊक नाही म्हणून मी रोज मांडते. आज त्या म्हणाल्या, "त्या ताटात माशा जेवतात. माशांना तरी वाढ काहीतरी."

मी म्हटलं, "तुमचं काय जातं?"

"माझं काय जातं?" त्यांनी काटा खाली ठेवला. "त्याचा बाप कबरस्तानात पुरुषांच्या रांगेत आहे. मी उद्या बायकांच्या रांगेत जाईन. आणि माझा मुलगा कुठल्या रांगेत? कुठल्याच नाही. तू त्याला टांगून ठेवलायस, त्या हॉर्नसारखा."

"मग तुम्ही त्याला मारून मोकळं करा."

बोलायला नको होतं. त्या उठून गेल्या. नीरफणसाची फोड अर्धी तशीच. मग मी एकटीच बसले, तीन ताटांसमोर.

त्यांना वाटतं मी हट्टी आहे. आहे हट्टी. पण हट्टापलीकडे एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितली नाही, इथे लिहिते. चर्चमधली सगळी गाणी मला उलटी येतात. म्हणजे खालून. बाकीच्या बायका चाल गातात आणि मला चाल आठवतच नाही – मला हार्लनचा खालचा सूर आठवतो. सरावाला हॉर्न नसला की तो अंगणात मासे साफ करतानाच ओठांनी वाजवायचा. पोम्, पोम्, मग एक लांब. माझा सगळा संसार त्या पोम् पोम् वर झाला. आता उपासनेला उभी राहिले की वर सगळे गातात आणि खाली काहीच नसतं. पाय ठेवायला जमीन नसल्यासारखं होतं. तो हवा आहे मला. इतकं साधं आहे. घामट, मासळीच्या वासाचा, जेवताना बोलणारा – तसाच हवा आहे.

२० मार्च, शनिवार

आज घाईत लिहिते म्हणून अक्षर असं.

शर्लीन धावत आली. तिचा आतेभाऊ मालवाहू बोटीवर आहे. त्याने ऐकलं की कोलंबियाच्या बेटावर, तिथल्या तुरुंगात, आमच्या किनाऱ्यावरचा एक कोळी आहे. त्यांच्या हद्दीत बोट भरकटली म्हणून धरून ठेवलाय. उंच आहे म्हणाला. नाव नीट कळलं नाही, पण 'ह' ने सुरू होतं असं त्याला वाटतं.

उंच! हार्लनला आमच्या दारातून वाकून यावं लागतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. डोकं वर न करता म्हणाल्या, "वेडी आहेस. सगळे पुरुष उंच असतात, बायका वाट बघायला लागल्या की."

मंगळवारी ब्लूफील्ड्सला जाते. तिथल्या बंदर कचेरीतून फोन लागतो म्हणतात.

२२ मार्च, सोमवार

सासूबाईंनी सकाळपासून चूल पेटवली. नारळाचं दूध घालून पाव, वर आल्याचा केक. "वाटेत खा," म्हणाल्या. एवढं मोठं गाठोडं झालं की मी विचारलं, "एवढं कुणाला, आई?"

"बोलू नको. घे."

२३ मार्च, मंगळवार

तो नाही.

आमच्या किनाऱ्यापुढच्या बेटांवरचा कुणी हेन्री. बुटका आहे, समोरचा दात सोन्याचा. कचेरीतल्या माणसाने मला फोनवर ऐकू दिलं – तिकडचा शिपाई सगळं वर्णन वाचत होता, आणि मी हो हो करत होते, जणू त्याने वर्णन थोडं बदलेल. मग त्या माणसाने हळूच फोन माझ्या हातातून घेतला.

परतीच्या बोटीत गाठोडं सोडलं. एक तुकडा खाल्ला. उरलेलं समोरच्या बाईच्या मुलांना दिलं. ती विचारत होती, कुठल्या बेकरीचं, कुठल्या बेकरीचं. मी सांगितलं, माझ्या सासूबाईंनी केलंय. तेव्हा कुठे रडू आलं.

धक्क्यावर सासूबाई उभ्या होत्या. डोक्यावर चर्चला जायची हॅट. मंगळवारी! मी एकटीच उतरले. त्यांनी माझ्या मागे बोटीत एकदा पाहिलं, सगळे उतरेपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "सांगितलं होतं ना मी." आणि पुढे चालायला लागल्या. घरापर्यंत मी मागे, त्या पुढे.

२८ मार्च, झावळ्यांचा रविवार

पोरं माडाच्या झावळ्या घेऊन रस्त्याने गात गेली. निम्मी पोरं गात होती, निम्मी एकमेकांना झावळीने झोडत होती. पाळकसाहेबांच्या कानावर एक बसली, तरी ते होसान्ना म्हणत राहिले.

आजपासून रोज संध्याकाळी वाचन. प्रभूचा शेवटचा आठवडा – कुठल्या दिवशी काय घडलं, कोण काय बोललं. एवढंसं वाचायचं, एक गीत, पुन्हा वाचायचं. लहानपणी कंटाळा यायचा. आता वाटतं, आपलं माणूस जातंय हे ज्यांना आधीच माहीत आहे, त्यांना तरी सगळं दिवसावारी सांगता येतं. बुधवारी हे म्हणाला, गुरुवारी जेवला. मला माझा गुरुवार कुठला तेच माहीत नाही.

बाहेर पडताना वर्नेल भेटली, रूडीची बायको. काळ्या कपड्यात आहे, पण चेहरा भरलाय. माझा हात धरून म्हणाली, "इल्वा, तुला खरं सांगू? नाव दिलं आणि त्या रात्रीपासून मला झोप लागायला लागली."

मला तिचा राग आला. आणि हेवाही वाटला, झोपेचा.

३० मार्च, मंगळवार

सासूबाई आज भांडल्या नाहीत. ताटावरूनही नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

१ एप्रिल, गुरुवार

कबरी रंगवायचा दिवस.

सगळं गाव चुन्याच्या बादल्या घेऊन टेकाडावर. आमच्या कबरस्तानात जुन्या मंडळींनी घालून दिलेली रीत अजून आहे – डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, नवरा-बायको सुद्धा वेगळे. दगड सगळे सारखे, लहान, जमिनीला चिकटलेले. श्रीमंताचाही तेवढाच. ईस्टरच्या पहाटे सगळे पांढरे दिसले पाहिजेत, एकही काळा राहता कामा नये. आधी घासायचे, मग चुना. गप्पा, लिंबाचं सरबत, कुणी कुणाच्या आजीची थोरवी सांगतंय, कुणी कुणाच्या आजोबांची दारू. दुःखाचा दिवस नसतोच तो. जत्राच असते.

मी माझ्या आईचा दगड केला. नंतर मामंजींचा करायला पुरुषांच्या बाजूला गेले, तर तो झालेला होता. सासूबाई कुठे दिसेनात.

मग दिसल्या. पार कोपऱ्यात, कुंपणाजवळ, जिथे जुने मिशनरी आणि त्यांची बाळं आहेत. त्यांचं इथे कुणीच उरलेलं नाही. सासूबाई गुडघ्यांवर बसून एका बाळाचा दगड रंगवत होत्या. तो झाल्यावर शेजारचा. त्याच्यावरचं नावही झिजून गेलंय. मग त्या उठल्या, बादली घेऊन फॉक्सांच्या माणसांकडे गेल्या. ऑस्करच्या नावाचा दगड त्यांनी बसवलाय, खाली काही नाही तरी. मी लांबून ऐकलं –

"मी रंगवू का थोडा? माझ्याकडे चुना उरलाय."

फॉक्सांची सून बिचारी बाजूला झाली. "रंगवा ना, मिस ऑटली. बसून रंगवा."

रंगवला. हळूहळू, कोपऱ्यांपर्यंत, जसं पोराचं तोंड पुसावं तसं. मग बेंटांकडे. तिथेही तेच. माझ्याकडे चुना उरलाय.

लोक बघत होते. हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, मी ह्या बाईला भीक मागायला लावली. माझी आशा मी जपली, आणि तिला रंगवायला एक दगड मिळू दिला नाही.

संध्याकाळी प्रभुभोजन. भाकर घेतली.

२ एप्रिल, उत्तम शुक्रवार

घंटा वाजत नाही आज. तीनच्या उपासनेला सगळे आपापले येतात, घंटेशिवाय. उन्हाने पत्रे कडकडत होते. शेवटचं वाचन झालं, पाळकसाहेब तसेच खाली उतरले, कुणी कुणाशी बोललं नाही.

मी मागच्या दाराने पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "घाला नाव."

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. त्यांनी विचारलं, "तुमची खात्री आहे ना?"

"खात्री कसली, साहेब? खात्री असती तर मी कधीच दिलं असतं. म्हातारीसाठी देते आहे."

"त्यांना सांगितलंत?"

"आता सांगते."

घरी गेल्यावर हॉर्न खुंटीवरून काढला. पोटाचा पोचा कपड्याने पुसला, पुसून काय जाणार. क्लेमेंटकाकांकडे स्वतः नेऊन दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, अंगणात उतरल्यावर मागून म्हणाले, "मीच वाजवीन, इल्वा. दुसऱ्या कुणाला देणार नाही." काकांना दम लागतो. कसे वाजवणार कोण जाणे.

सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी सांगितलं – "नाव दिलं, आई. हॉर्नही दिला."

त्या म्हणाल्या, "बरं."

एवढंच. इतके महिने भांडून, बरं! मला वाटलं रडतील, निदान डोक्यावरून हात फिरवतील. त्या पायरीवरच बसून राहिल्या, खाली पडलेला मोहर एका बोटाने गोळा करत. मी मनाशी म्हटलं, समाधान असंच दिसत असेल.

३ एप्रिल, शनिवार

पहाटेपासून पाव. शर्लीन मदतीला. वेलचीऐवजी तिने जिऱ्याचा डबा उघडला, वेळेवर पाहिलं म्हणून वाचलो. ती म्हणाली, "जिऱ्याचं प्रीतिभोजन झालं असतं तर निम्मी प्रीती तिथेच गेली असती."

दुपारी सगळे चर्चमध्ये. आजचा दिवस कबरीतला – प्रभू कबरीत आहे, काम नाही, घाई नाही, नुसतं बसायचं, गायचं, मगातून कॉफी प्यायची आणि एकत्र पाव खायचा. बायकांच्या बाजूला टोपली घेऊन शर्लीन फिरत होती. रीत अशी की प्रत्येकीला एक, आणि मग विचारायचं – "घरी कुणी?" म्हणजे आजारी असेल, बोटीवर असेल, त्याच्यासाठी एक न्यायचा.

माझ्या इतक्या वर्षांच्या ईस्टरांत मी 'एक घरी' म्हटलं नाही असं फार क्वचित झालं. तो बोटीवर असायचा. आठवड्याने यायचा तेव्हा पाव दगड झालेला. कॉफीत बुडवून खायचा आणि म्हणायचा, "प्रभूने पाच भाकरींत हजारो जेवू घातले. माझ्या बायकोच्या एका पावाने माझी अख्खी दाढ खाल्ली." दरवर्षी तोच विनोद. दरवर्षी मी ओरडायचे.

शर्लीन माझ्यासमोर आली. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं – "घरी कुणी?" आणि ती स्वतःच पांढरी पडली.

मी म्हटलं, "कुणी नाही."

शेजारी सासूबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपलीतून एक पाव घेतला, एकच, आपल्या वाटणीचा. खाल्ला नाही. रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि नुसती कॉफी प्यायल्या. त्यांचे दात दुखतात हल्ली. घरी भिजवून खातील.

४ एप्रिल, ईस्टर

अंधारातच बँडने गाव उठवलं. दरवर्षी असंच – आधी लांब, बंदराकडून, मग शाळेकडून, मग आमच्या गल्लीत. मी जागीच होते. आणि मग खालचा सूर आला.

मी उठून बसले. पोम्, पोम्, मग एक लांब. एक क्षण, खरंच एक क्षण, माझे पाय जमिनीवर आणि हात कडीवर होते. मग कळलं. त्या लांब सुराच्या मध्येच हार्लन नेहमी श्वास घ्यायचा, चुकीच्या जागी, क्लेमेंटकाका त्याला सरावाला रागवायचे. आजचा श्वास बरोबर जागी घेतला होता.

काकांनी छान वाजवलं. त्यात काही खोट नाही.

सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या, पांढरा झगा, हॅट. चढावर मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. टेकाडावर सगळं गाव. बँड दोन ठिकाणी विभागलेला, इकडच्यांनी वाजवलं की तिकडचे उत्तर देतात. समुद्राच्या बाजूने उजाडायला लागलं आणि पांढरे दगड एकेक करून दिसू लागले.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. सावकाश. नाव वाचलं की त्या घरच्यांनी आमेन म्हणायचं. मिस क्लोटिल्डा डाउन्स – आमेन. त्यांचा भाऊ. वरच्या वाडीतलं एक बाळ. ऑस्कर फॉक्स – फॉक्सांचं सगळं खटलं एकदम आमेन. रूडी बेंट. वर्नेलचा आवाज अगदी स्पष्ट.

हार्लन कथबर्ट.

मी थांबले. आधी आईने म्हणावं, हक्क तिचा, म्हणून थांबले. सगळे थांबले. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटलेले, नजर समुद्राकडे. मी त्यांचा हात दाबला. पाळकसाहेब कागदावरून वर बघायला लागले. मग मीच म्हटलं, आमेन. एकटीने.

आणि सांगते, जे वाटेल असं वाटलं होतं ते वाटलं नाही. आकाश कोसळलं नाही. छाती हलकी झाली. लाज वाटली हलकी झाल्याची, पण झाली. सूर्य वर आला, सगळे गायले, मी पहिल्यांदाच चाल गायले, खालचा सूर काका सांभाळत होते. परतताना वर्नेलने मला मिठी मारली.

वाटेत सासूबाईंना विचारलं, "आमेन का नाही म्हणालात?"

"घसा बसलाय," म्हणाल्या.

संध्याकाळी मी दोनच ताटं मांडली. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, भूक नाही म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

५ एप्रिल, सोमवार

रात्री गाढ झोप लागली. वर्नेल खरं सांगत होती.

सकाळी केर काढताना हार्लनच्या उशीखाली काहीतरी टणक लागलं. रुमाल. आत शनिवारचा पाव, अख्खा. मी कोंबड्यांना घालायला बाहेर नेला, तर सासूबाई पायरीवरून झटकन उठल्या – अशा त्या बऱ्याच दिवसांत उठल्या नव्हत्या – आणि माझ्या हातातून काढून घेतला.

"ठेव तो. हार्लनचा आहे."

मी म्हटलं, "आई, तुम्हीच तर रोज म्हणत होतात, तो गेला–"

"तू 'नाही' म्हणत होतीस ना. म्हणून मला 'गेला' म्हणता येत होतं."

पाव पुन्हा रुमालात बांधला. गाठ नीट बसेना, मी गाठीवर बोट धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता नाही कोण म्हणणार?"